टिल्डे छान मरते

टिल्डे ओस्टरगॉर्ड एकोणीस वर्षांची असताना तिला देशातला एक मानाचा पुरस्कार मिळाला. मेल्याबद्दल.

मेली ती सिनेमात. सिनेमा पोलिसी होता. लिमफ्योर्डच्या खाडीकाठी लव्हाळ्यात एका मुलीचं प्रेत सापडतं आणि मग दोन तास कोपनहेगनहून आलेला एक उदास इन्स्पेक्टर त्या प्रेताकडे बघत सुस्कारे टाकतो, एवढीच गोष्ट. प्रेताच्या कामासाठी राजधानीतून एक नटी आणली होती, पण लव्हाळ्यात पाऊल टाकताच तिला ज्या शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. शिंकणारं प्रेत कुठल्याच दिग्दर्शकाला परवडत नाही. टिल्डे तेव्हा वेस्टरबॉर गावच्या बेकरीत कामाला होती आणि शूटिंगवाल्यांसाठी दालचिनीच्या पावांचे खोके घेऊन आली होती. केस त्या नटीसारखेच पिवळे, उंचीही तेवढीच. कुणीतरी तिला विचारलं, "तुला थोडा वेळ पडून राहता येईल का?"

पहाटेपासून भट्टीसमोर उभ्या असलेल्या मुलीला असं विचारणं म्हणजे बोक्याला दूध हवं का विचारणं. टिल्डे पडली, आणि अशी पडली की पोलिसांच्या कुत्र्यानं तिचं तोंड हनुवटीपासून कपाळापर्यंत चाटून काढलं तरी पापणी हलली नाही. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण अभिनय करत होतो की खरंच झोपलो होतो, हे टिल्डेला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही.

पुढच्या वर्षी तिला 'सोनेरी बगळा' मिळाला, उदयोन्मुख कलाकाराचा. एका पायावर उभा असलेला, चोच वर केलेला, हातभर उंच पितळी बगळा. परीक्षकांनी लिहिलं होतं की अनुपस्थितीतून इतकी उपस्थिती त्यांनी आजवर पाहिली नव्हती. टिल्डेनं ते वाक्य बाबांना, टोर्बनला, वाचून दाखवलं. टोर्बन दुधाचा टँकर चालवायचा आणि त्या वेळी राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा रचत होता.

"म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

"म्हणजे मी छान मेले."

टोर्बननं मासा नीट बसवला, वर कांदा ठेवला आणि म्हणाला, "वाईट नाही."

त्या भागात "वाईट नाही" ही फार मोठी शाबासकी. हिच्या वरची एकच, "अगदीच वाईट नाही", आणि ती लोक बहुधा माणूस गेल्यावर वापरतात.

एक गोष्ट मात्र टिल्डेला डाचत होती. तिला बोलायला आवडायचं. बेकरीत पाव मागायला आलेला माणूस पाव, हवामान आणि स्वतःच्या नातेवाइकांची ताजी बातमी घेऊनच बाहेर पडायचा. शाळेच्या नाटकात तिनं एकदा झाडाचं काम केलं होतं, तर झाडाला संवाद नसताना दोन वाक्यं घुसडली होती. आणि आता अख्खा देश तिला ओळखत होता ते गप्प पडण्याबद्दल. पुरस्कार घ्यायला ती व्यासपीठावर गेली तेव्हा चांगलं पाठ केलेलं भाषण तिच्याजवळ होतं. पण निवेदक म्हणाला, "श्वास घेतेय, बघा," सभागृह हसलं, बँड वाजायला लागला, आणि तिला हाताला धरून खाली आणून बसवण्यात आलं. तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटावं लागलं.

हे सगळं हाती घेतलं बोडिल आत्यानं.

बोडिल ही टोर्बनची थोरली बहीण. घराच्या पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान होतं, आणि त्या दुकानात येणारी सगळी रंगीत मासिकं ती स्वतः पहिल्यांदा वाचायची. त्यामुळे नटनट्यांचं जग तिला आतून माहीत होतं असं तिचं म्हणणं. तिनं टिल्डेला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, म्हणजे पळून जायची सोय राहिली नाही, आणि सांगितलं:

"हे बघ पोरी. पुरस्कार म्हणजे पाव. आज ताजा, उद्या शिळा, परवा बदकांना. तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्यायची."

"आत्या, मला बोलायचंय."

"बोल की."

"इथे नाही. सिनेमात. नाटकात. कुठेही."

"आधी नाव होऊ दे."

"झालंय ना नाव."

"झालंय ते गप्प बसण्याबद्दल," कात्री वाजवत आत्या म्हणाली. "तो आपला तळमजला. बोलणं वरच्या मजल्यावर. तळमजला न बांधता कुणी माडी चढतं का? मान हलवू नकोस."

टिल्डेनं मान हलवली नाही. त्यात ती तरबेज होती.

पहिलं आमंत्रण आलं थिस्टेडच्या प्रेबेनकडून. त्याचं गाद्यांचं दुकान होतं आणि त्याला नव्या शाखेचं उद्घाटन करायचं होतं. टिल्डेला वाटलं, फीत कापायची असेल, दोन शब्द बोलायचे असतील. तिनं दोन शब्दांची चार पानं करून नेली. प्रेबेननं तिला दाराशीच गाठलं आणि रस्त्याकडच्या मोठ्या काचेआड ठेवलेली गादी दाखवली. वर पाटी होती: इथे झोपा, मेल्यासारखे.

"तू नुसती पड," प्रेबेन म्हणाला. "बाकीचं पाटी बोलेल."

ती पडली. शाळेतली पोरं काचेला नाक लावून उभी राहिली. दोन म्हातारे बाकड्यावर बसून ती खरी आहे की मेणाची यावर वाद घालत राहिले. एक म्हणे मेणाची, कारण जिवंत माणसाच्या नाकावर माशी इतका वेळ बसत नाही. माशी खरोखरच बसली होती. टिल्डेचं सगळं आयुष्य त्या वेळी नाकाच्या शेंड्यावर गोळा झालं होतं, पण ती हलली नाही. मग एक बाई दुकानात आली, गादी हातानं दाबू लागली, दाबता दाबता टिल्डेच्या कमरेपर्यंत पोचली आणि स्वतःशीच म्हणाली, "पाठीला कशी असेल कोण जाणे."

"ही मध्ये जरा बसते," टिल्डे डोळे न उघडता म्हणाली. "भिंतीकडची घ्या. तिला स्प्रिंगा चांगल्या आहेत."

बाईनं मुकाट्यानं भिंतीकडची घेतली. प्रेबेन मात्र रागावला. भिंतीकडची स्वस्त होती.

"प्रेतं सल्ला देत नाहीत," तो आत्याला बाजूला घेऊन म्हणाला.

पण बातमी पसरली आणि मागणी वाढली. प्रथमोपचाराच्या वर्गाला बेशुद्ध माणूस हवा होता. अग्निशामक स्वयंसेवकांना शिडीवरून खाली आणायला कुणीतरी हवं होतं, आणि त्यांच्यातला प्रत्येकजण म्हणाला की आपल्याला सराव कमी पडतोय. शोधपथकातल्या कुत्र्यांना हुंगायला एक हरवलेली मुलगी हवी होती. त्या वसंतात टिल्डे बुडाली, गुदमरली, ट्रॅक्टरखाली आली आणि एकदा तर एका शेतकरी मेळाव्यात बैलानं तुडवली, बैल अर्थात कागदाचा. प्रत्येक ठिकाणी लोक टाळ्या वाजवायचे, कॉफी द्यायचे आणि तिनं "धन्यवाद" म्हटलं की दचकायचे.

"अगं, हिला आवाज आहे," एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, जणू कपाट बोललं.

रात्रीच्या जेवणाला आत्या आली की पुढच्या आठवड्यात कुठे कुठे मरायचं ते सांगायची. टोर्बन ऐकून घ्यायचा. एकदा मात्र त्यानं बटाटा सोलता सोलता सुरी खाली ठेवली.

"बोडिल, हे म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं झालं."

"मी कुठे खाते? मढंच खातंय," आत्या म्हणाली, आणि खरंच टिल्डेच्या पावावर लोण्याचा चांगला जाड थर होता.

मेमध्ये कोपनहेगनहून बोलावणं आलं. एका मोठ्या मालिकेसाठी निवड चाचणी. टिल्डेनं एक लांबलचक उतारा पाठ केला, एका राणीचा, जिला आपल्या सासूबद्दल पुष्कळ सांगायचं असतं. गाडीत सगळा प्रवासभर ती पुटपुटत होती. निवड करणारी बाई होती विबेके, काळा चष्मा, काळा कोट, आणि कपातली कॉफीसुद्धा काळी.

"टिल्डे. वा," विबेके म्हणाली. "तिथे पड."

"मी एक उतारा आणलाय."

"छानच. आधी पड."

टिल्डे जमिनीवर पडली. विबेके आणि आणखी दोन माणसं तिच्याभोवती गोल उभी राहिली. विबेकेनं वाकून निरखून बघितलं.

"अजून थोडी मेलेली दाखवता येईल?"

"किती?"

"दोनेक दिवसांची."

टिल्डेनं दोन दिवसांची केली. एक माणूस हळूच म्हणाला की अंगावर काटा आला. मग राणी सुरू करावी म्हणून तिनं घसा साफ केला, तर विबेकेनं बोट ओठांवर ठेवलं. "बोलू नकोस. मेलेपण जातंय."

काम मिळालं. मोटारीच्या डिकीतलं प्रेत, दुसऱ्या भागात. आत्याला फोनवर हे कळलं तेव्हा तिनं दुकानातल्या गिऱ्हाइकाचे केस अर्धे रंगवून तसेच सोडले आणि नाचली. टिल्डेनं परतीच्या गाडीत सगळा उतारा समोरच्या रिकाम्या सीटला म्हणून दाखवला. सीटला आवडला असावा. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

मग आला आयनार.

आयनार हा वेस्टरबॉरचा अंत्यसंस्कारांची व्यवस्था बघणारा माणूस. उंच, वाकलेला, मऊ बोलणारा, त्याच्या बोलण्यानं लोकांना झोप यायची. त्यानं शवपेट्यांचं नवं दालन बांधलं होतं आणि गावाला एक दुपार बघायला बोलावलं होतं, कॉफी आणि क्रिंगल नावाच्या बदामाच्या गोड पावासकट.

"अडचण अशी आहे," तो आत्याच्या खुर्चीत केस कापून घेता घेता म्हणाला, "की लोकांना रिकामी पेटी बघवत नाही. रिकामी पेटी म्हणजे जणू आपलीच वाट बघतेय. आत कुणीतरी असलं की माणूस निर्धास्त होतो. जागा गेलेली दिसते."

केर काढत असलेल्या टिल्डेनं झाडू थांबवला. "नाही."

"पेटी वेताची आहे," आयनार म्हणाला. "हवा खेळती राहते."

"आत्या, नाही."

आत्यानं तिला आतल्या खोलीत नेलं. "हे शेवटचं. हे झालं की तुझ्या बोलण्याचं बघू. आल्बोर्गला उन्हाळ्यात विनोदी नाटुकल्यांचा कार्यक्रम होतो ना, त्यांना मी चिठ्ठी टाकते."

"शपथ?"

"तुझ्या बगळ्याची शपथ."

तेव्हा टिल्डे कबूल झाली. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, ती मनाशी म्हणाली. गादीत मेले, डिकीत मरणार आहे, मग वेताच्या टोपलीनं काय होतंय. त्या शनिवारी तिनं पांढरा झगा घातला, आत्यानं तोंडाला पावडर थापली आणि ती पेटीत जाऊन पडली. बेकरीतल्या टोपलीत पाव ठेवतात, तसं तिला वाटलं. गाव आलं, कॉफी प्यायलं, पेटीभोवती फिरलं. कुणी वेत दाबून बघितला. टोर्बनचा एक टँकरवाला मित्र म्हणाला, "लांबी चांगली आहे." सगळं सुरळीत चाललं होतं.

हळूहळू लोक क्रिंगलकडे सरकले आणि खोली रिकामी झाली. टिल्डेला पेंग यायला लागली. तेवढ्यात काठीचा आवाज आला. ठक, ठक. काठी पेटीजवळ थांबली.

"एल्ना," एक म्हातारा आवाज म्हणाला.

त्या आठवड्यात गावातली एल्ना नावाची म्हातारी खरोखर गेली होती आणि पलीकडच्या खोलीत शेवटच्या दर्शनासाठी ठेवली होती. दर्शनाला आली होती तिची जाऊ थ्युरा, नव्वदीला टेकलेली, आणि तिनं दार चुकवलं होतं. मोतीबिंदूमुळे तिला माणूस म्हणजे एक फिकट ठिपका दिसायचा.

"काय तरुण दिसतेस गं," थ्युरा म्हणाली. "आयनारनं पावडर फार थापलीय. कधी हात आवरला नाही त्याचा."

टिल्डेनं ठरवलं, आता उठून सांगावं. पण नव्वदीच्या बाईसमोर पेटीतून उठायचं म्हणजे एकाच दुपारी आयनारला दोन गिऱ्हाइकं मिळायची. ती तशीच पडून राहिली.

"मी भांडायला आलेय," थ्युरानं खुर्ची ओढली. "जिवंतपणी तू मध्ये मध्ये बोलायचीस, म्हणून राहिलं. आठवतं, चर्चच्या गाणाऱ्या मंडळात तू माझ्या शेजारी उभी असायचीस? आणि एका नाताळात तू मास्तरला म्हणालीस, थ्युरा बेसूर गाते. मी ऐकलं. तेव्हापासून मी फक्त तोंड हलवते, एल्ना. नुसतं उघडते नि मिटते. माशासारखी. सगळं आयुष्य मी त्या मंडळात उभी राहिले आणि माझा एक सूर कुणी ऐकला नाही. लोक म्हणायचे, थ्युरा, काय छान गाता तुम्ही सगळ्या. सगळ्या."

उघडलेलं तोंड तसंच मिटावं लागणं काय असतं, ते टिल्डेला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"आता बोल," थ्युरा म्हणाली. "काय म्हणणं आहे तुझं?"

पलीकडून कपबश्यांचा आवाज येत होता. म्हातारी हलत नव्हती. टिल्डेला वाटलं, ही आता उत्तर घेतल्याशिवाय जायची नाही, उद्या सकाळपर्यंत बसेल. आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या बोलण्याची वाट बघत होतं.

"चुकलं माझं, थ्युरा," टिल्डे डोळे मिटून, जरा घोगऱ्या आवाजात म्हणाली.

थ्युरा दचकली नाही. तिनं काठीवर हनुवटी टेकली आणि विचार केला.

"बरं," ती म्हणाली.

"तू गा," टिल्डेला राहवलं नाही. "मोठ्यानं गा. कुणाची भीड धरू नकोस. त्या मास्तरला काय कळतंय? आणि मी जे बोलले ते निव्वळ जळफळाटानं, तुझ्या त्या वाफल्सवरून, कारण माझे नेहमी तळाला चिकटायचे, आणि शिवाय..."

"बास," थ्युरा उठली. "मेलीस तरी तोंड बंद होत नाही तुझं."

ती ठक ठक करत बाहेरच्या खोलीत गेली, क्रिंगलचा मोठा तुकडा घेतला आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "एल्नानं माफी मागितली."

"कधी?" आयनारनं विचारलं.

"आत्ताच."

आयनारच्या हातातली बशी पडली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एल्नाला उशिरा का होईना सुचलं, असं त्यांचं मत पडलं. आयनार धावत वेताच्या पेटीपाशी आला, तर टिल्डे उठून बसली होती आणि पावडर ओघळून तिच्या गालांवर पट्टे पडले होते. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"आता तिला खरं सांगायला हवं," टिल्डे म्हणाली.

आयनारनं थ्युराला अदबीनं पलीकडच्या खोलीत नेलं, खऱ्या एल्नाजवळ, आणि हलक्या आवाजात म्हणाला की एल्ना इथे आहे, मघाची ती बेकरीतली मुलगी होती. थ्युरानं वाकून बघितलं.

"आता गप्प आहे," ती म्हणाली. "बोलून झालं तिचं." आणि याउपर तिनं दुसरं काही ऐकून घेतलं नाही.

सोमवारी एल्नाचा अंत्यविधी होता. बेकरीतून पाव पोचवायचे म्हणून टिल्डे चर्चमध्ये गेली आणि मागच्या बाकावर बसली. ऑर्गन वाजू लागला, मंडळ उभं राहिलं, आणि थ्युरानं तोंड उघडलं.

आता इथे खरं ते सांगायला हवं. एल्ना बरोबर होती. थ्युरा नुसती बेसूर नव्हती. तिचा सूर वाट चुकलेल्या गायीसारखा होता, जी कुंपणं मोडत चार शेतं फिरून येते आणि परत निघते. पहिल्या ओळीला पाद्र्यानं पुस्तक खाली केलं. दुसऱ्या ओळीला मंडळातल्या बायकांचे सूर तिच्या मागे मागे भलतीकडेच जायला लागले. ऑर्गनवाल्यानं तिला बुडवायला जोर लावला, तर तिनं अधिक जोर लावला. सगळ्या गावाला एकाच वेळी कळलं की एल्नानं इतकी वर्षं त्यांच्यावर केवढे उपकार केले होते. टोर्बन टिल्डेच्या शेजारी बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

"हे तू केलंस?" तो ओठ न हलवता म्हणाला.

"मीच."

"वाईट नाही."

पण टिल्डे थ्युराकडे बघत होती. म्हातारीची मान ताठ होती, गाल लाल झाले होते, आणि शेवटच्या कडव्याला सगळे थांबल्यावरही ती एकटी एक ओळ जास्तीची गायली, कारण मागची बाकी बरीच राहिली होती. खाली बसल्यावर तिनं रुमालानं कपाळ पुसलं आणि शेजारणीला विचारलं, "ऐकू गेलं ना मागेपर्यंत?"

घरी येऊन टिल्डेनं विबेकेला फोन लावला आणि डिकीतलं प्रेत नको म्हणून सांगितलं. विबेके म्हणाली की अशा भूमिका रोज चालून येत नाहीत. टिल्डे म्हणाली, येतात, रोजच येतात, तीच तर अडचण आहे. मग ती सलूनमध्ये गेली. आत्या एका बाईच्या डोक्याला रोलर लावत होती.

"आल्बोर्गला चिठ्ठी टाकलीस?"

"टाकते, टाकते."

"आत्या, तू शपथ घेतली होतीस."

"बगळ्याची घेतली होती. पक्ष्याची शपथ धरत नाहीत." पण टिल्डेचा चेहरा बघून तिनं रोलर खाली ठेवला. "अगं, तिथे तू पडलीस तर?"

"पडायचाच तर सराव आहे मला."

रोलरवाली बाई हसली. आत्या हसली नाही, पण तिनं फोन उचलला, कारण गिऱ्हाइकासमोर हरलेलं तिला चालायचं नाही. आल्बोर्गच्या त्या कार्यक्रमाचा दिग्दर्शक होता मोगेन्स नावाचा एक गोल माणूस. आत्यानं त्याला सांगितलं की बगळा मिळालेली टिल्डे ओस्टरगॉर्ड यायला तयार आहे. मोगेन्सला नाव लगेच आठवलं. पुरस्काराचा इतका उपयोग मात्र झाला, दार उघडलं.

दार उघडून टिल्डे आत गेली, तर मोगेन्स खूश होऊन म्हणाला, "आमच्या एका प्रवेशात न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक मरतं. तू जरा पडून..."

टिल्डे पडली. सवयीनं. रंगमंचाची फळी पाठीला लागली, वरचे दिवे दिसले, आणि तिला वाटलं, संपलं आता, पुन्हा तेच. मग तिनं तोंड उघडलं.

पडल्या पडल्याच ती बोलायला लागली. राणीचा उतारा नव्हता तो. तो तिला आठवलाच नाही. ती न्हाव्याशीच भांडू लागली. पावडर किती थापलीस, भांग कुठल्या बाजूला पाडलास, मेलेल्या माणसाला काही आवडनिवड असते की नाही, माझ्या जावेला का बोलावलंस, आणि आलीच आहे तर तिला गाऊ देऊ नका. आवाज घोगरा, बोली खास वेस्टरबॉरची, शब्दांची शेपटं गिळणारी. मध्येच दोनदा अडखळली. एक वाक्य कुठे चाललंय ते तिलाच कळेना, म्हणून तिनं ते अर्ध्यावर सोडून दुसरं धरलं. मोगेन्सचा कारकून खिडकीत सिगारेट ओढत होता, तो आत येऊन बसला. पेटीवादक हसता हसता पेटीवर आडवा पडला आणि पेटीतून एक लांब कण्हणं निघालं.

"तुझं बोलणं फार वाईट आहे," अखेर मोगेन्स डोळे पुसत म्हणाला. "श्वास चुकीचा, उच्चार चुकीचे, आणि निम्मं ऐकू येत नाही."

टिल्डे उठून बसली. "मग जाऊ?"

"कुठे जातेस? पुन्हा पड, आणि या वेळी जरा मोठ्यानं."

जून महिनाभर तालमी चालल्या. टिल्डेनं आल्बोर्गमध्ये एका खाणावळीच्या वर खोली घेतली. मोगेन्स तिला रोज शिव्या द्यायचा आणि ती रोज सुधारायची, एक दिवस सोडून एक दिवस. आत्यानं दुकानात पाटी लावली की आपल्या पोरीला आता संवाद आहेत. प्रेबेननं विचारलं की नाटकात गादी लागते का. लागत नव्हती.

पहिल्या प्रयोगाला वेस्टरबॉरहून बस भरून लोक आले. थ्युरा पहिल्या रांगेत बसली, शेजारी आत्या, पलीकडे टोर्बन, इस्त्रीचा सदरा घातलेला. न्हाव्याचा प्रवेश आला. टिल्डे खुर्चीत मेली, फळीवर पडली, आणि पहिलंच वाक्य विसरली. नाट्यगृह शांत झालं. सगळ्यांना सिनेमा ठाऊक होता. त्यांना वाटलं, हेच ते, बगळा मिळालेलं मरण, आणि कुणीतरी आदरानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"टाळ्या कसल्या वाजवताय," फळीवरून आवाज आला, "इथे माणूस मेलंय."

पुढचं सगळं आपोआप आलं. नाटकात नसलेलंही आलं. न्हाव्याचं काम करणाऱ्या नटानं दोनदा आपलं वाक्य म्हणायचा प्रयत्न केला, मग नाद सोडून कंगवा पुसत उभा राहिला. प्रवेश ठरल्यापेक्षा बराच लांबला आणि शेवटी मोगेन्सनं बाजूनं हात घालून तिला पायाला धरून आत ओढलं. ओढत नेतानाही ती बोलत होती. लोकांनी बाकं बडवली.

प्रयोग संपला तेव्हा बाहेर अजून लख्ख उजेड होता. सगळी मंडळी गाड्यावरचे लाल सॉसेज खायला उभी राहिली. थ्युरा म्हणाली की आवाज मागेपर्यंत जात होता, पण सुरात नव्हता. तिच्याकडे यावं, ती शिकवेल. आत्या मोगेन्सला कोपऱ्यात गाठून सांगत होती की पोरीचं सगळं व्यवहाराचं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. टिल्डे टोर्बनला प्रवेशातली प्रत्येक चूक समजावून सांगत होती, कुठे श्वास संपला, कुठे कंगवा पाठीखाली आला, ते वाक्य कसं निसटलं आणि पुढच्या वेळी ती काय करणार आहे.

टोर्बननं मोहरी लावली, वर तळलेला कांदा घातला आणि सॉसेज तिच्यासमोर धरलं.

"खा," तो म्हणाला. "गार होतंय."

तिनं एक घास घेतला आणि भरल्या तोंडानं पुढचं सांगायला लागली.